ग्रामीण रुग्णालयाची मागणी सरकारच्या फाइलवर कशी चढवायची?

गावोगावच्या निवेदनांच्या प्रती माझ्याकडे येतात. बहुतेकांचा मजकूर एकच असतो: "आमच्या रुग्णालयात डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, रुग्णांचे हाल होत आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." खाली दीडदोनशे सह्या आणि सोबत आमदारांना निवेदन देतानाचा फोटो. वर्षभराने विचारलं तर काहीच हललेलं नसतं. लोकांचा त्रास खरा असतो, सह्याही खऱ्या असतात. पण निवेदन भलत्याच कार्यालयात गेलेलं असतं, भलत्याच महिन्यात गेलेलं असतं, आणि "योग्य ती कार्यवाही" या तीन शब्दांवर कोणत्याही कारकुनाला टिप्पणी लिहिता येत नाही.

खाली दिलेला क्रम ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या तिन्हींना लागू पडतो. पायऱ्या उलटसुलट करू नका. सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या पायरीला लागेल आणि तो लागू द्या.

१. दवाखाना कोणाचा, ते आधी ठरवा

सर्वाधिक निवेदनं इथेच वाया जातात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात. तिथली वाट तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी अशी वर जाते. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाची असतात. तिथे आधी वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक, मग परिमंडळाचे आरोग्य उपसंचालक (राज्यात अशी आठ परिमंडळं आहेत), त्यावर आरोग्य संचालक आणि शेवटी सार्वजनिक आरोग्य विभाग. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय असेल तर खातंच वेगळं: वैद्यकीय शिक्षण विभाग. शहरातला दवाखाना बहुधा महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा.

आम्ही स्वतः एकदा ग्रामीण रुग्णालयाचं निवेदन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टपालात दिलं आणि आठ महिने "पाठपुरावा" करत राहिलो. शेवटी तिथल्या एका लिपिकाने सांगितलं, "दादा, हे आमच्याकडचं नाहीच, सिव्हिलला (जिल्हा शल्यचिकित्सकांकडे) द्या." त्या आठ महिन्यांत तालुक्यातल्या बायका बाळंतपणासाठी जिल्ह्याला जातच होत्या. ते अजून बोचतं.

*तपासा:* रुग्णालयाच्या पाटीवर "जिल्हा परिषद" लिहिलंय की "महाराष्ट्र शासन"? ज्यांच्याबद्दल मागणी आहे ते कर्मचारी नियमित आहेत की राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी? रुग्णवाहिका १०८ ची आहे, १०२ ची आहे की रुग्णालयाची? प्रत्येकाचा मालक वेगळा असतो.

२. मोजा, मग बोला

"डॉक्टर नाहीत" हे वाक्य सरकारला एका ओळीत खोडता येतं, कारण कागदावर डॉक्टर असतो. म्हणून आकडे गोळा करा, आणि ते सरकारच्याच नोंदवह्यांतून.

*पदांचा हिशेब.* चार रकाने करा: मंजूर, भरलेली, रिक्त, आणि प्रतिनियुक्तीवर किंवा दीर्घ रजेवर. चौथा रकाना बहुतेक जण विसरतात आणि खरी गोम तिथेच असते. पद भरलेलं दाखवतात, पगार या रुग्णालयातून निघतो, आणि माणूस दुसरीकडेच कामाला असतो. असं पद "रिक्त" म्हणून मागितलंत तर उत्तर येणार, "सदर पद भरलेले आहे." तिथे मागणी भरतीची करायची नसते. "प्रतिनियुक्ती रद्द करा" एवढी करायची, आणि ती कितीतरी लवकर सुटते.

*आकृतिबंध (कोणत्या रुग्णालयाला कोणती किती पदं मंजूर, त्याचा तक्ता) पाहा.* केंद्राच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपलं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. मैदानी भागात १,२०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येमागे एक. प्राथमिक केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,०००, उपकेंद्रासाठी ५,००० आणि ३,०००. मानकं तज्ज्ञ डॉक्टर सांगतात, पण राज्याच्या मंजूर आकृतिबंधात तुमच्या रुग्णालयाला भूलतज्ज्ञाचं वेगळं पद असेलच असं नाही. पदच मंजूर नसेल तर "पद भरा" ही मागणी फोल. तिथे पदनिर्मिती मागावी लागते आणि ती फाइल वित्त विभागातून जाते.

*कामाचा हिशेब.* मागच्या बारा महिन्यांची महिनावार बाह्यरुग्ण संख्या, आंतररुग्ण, प्रसूती, सिझेरियन, आणि संदर्भित म्हणजे पुढे पाठवलेले रुग्ण. यात संदर्भसेवेची नोंदवही सोन्यासारखी. एका रुग्णालयात सिस्टरांनी ती वही माझ्याकडे फिरवली होती. शेवटच्या रकान्यात, एकाच महिन्यात, निळ्या शाईत अकरा वेळा एकच वाक्य: "भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही." एका ओळीपुढे वेळ रात्री पावणेतीनची होती. नंतरच्या प्रत्येक बैठकीत आम्ही बाकी काही बोलण्याआधी तो अकराचा आकडा सांगितला. कोणालाही तो खोडता आला नाही.

*हे मिळवायचं कसं?* दोन वाटा आहेत. आधी सोपी: माहिती अधिकारात अभिलेख पाहण्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्रात जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे शासनाचे आदेश आहेत. दोघं जा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. तिथे जमलं नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली लेखी अर्ज, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. मजकूर असा ठेवा:

> विषय: … ग्रामीण रुग्णालयातील पदांची स्थिती.
> १) अर्जाच्या दिनांकास मंजूर पदे, पदनामनिहाय.
> २) त्यांपैकी भरलेली व रिक्त पदे, रिक्त पदे कोणत्या दिनांकापासून रिक्त आहेत.
> ३) भरलेल्या पदांपैकी प्रतिनियुक्तीवर व दीर्घ रजेवर असलेल्यांची पदनामनिहाय संख्या आणि प्रतिनियुक्ती आदेशांच्या प्रती.

रुग्णसंख्येसाठी वेगळा अर्ज करा, औषधसाठ्यासाठी तिसरा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळं एकत्र कोंबलेला अर्ज याच कारणावरून परत येतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. दुसरं अपील करायला हरकत नाही, पण त्याच्या निकालाची वाट पाहत मागणी थांबवू नका. ते जिथे चालतं त्या राज्य माहिती आयोगात प्रकरणं फार साचलेली असतात.

*सावधान:* रुग्णांची नावं, आजार, मोबाइल नंबर मागू नका आणि वहीचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. संख्या पुरते. एखाद्या बाईच्या बाळंतपणाची नोंद गावभर फिरवून तिच्यासाठीच मागणी करतोय असं म्हणता येत नाही.

३. प्रश्नाची जात ओळखा

गोळा केलेलं सगळं एका निवेदनात घालू नका. प्रत्येक प्रश्न कुठे सुटतो ते बघून वेगळा काढा.

केसपेपरचे किंवा तपासणीचे पैसे घेतले जात असतील तर ते धोरण बदलायचं काम नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सेवा निःशुल्क आहेत. ही अंमलबजावणीची तक्रार, अधीक्षकांकडेच द्यायची. पंखा, पाणी, स्वच्छतागृह, प्रतीक्षालयातली बाकडी हे रुग्ण कल्याण समितीच्या (रुग्णालयाच्या सोयी पाहणारी स्थानिक समिती) निधीतून होतं.

औषधांचं दोन ठिकाणी बघा. तुटवडा फक्त तुमच्याकडे आहे की शेजारच्या तालुक्यातही? फक्त तुमच्याकडे असेल तर मागणीपत्रच वेळेवर गेलं नसेल, ते ई-औषधीच्या (औषधसाठ्याची सरकारी ऑनलाइन प्रणाली) नोंदीत दिसतं. सगळीकडे असेल तर प्रश्न राज्याच्या खरेदीचा. त्यासाठी २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झालं आहे आणि तो विषय विधिमंडळात न्यायचा.

उरतात ते खरे राज्यपातळीचे प्रश्न: रिक्त पदांची भरती, पदनिर्मिती, श्रेणीवर्धन (प्राथमिक केंद्राचं ग्रामीण रुग्णालय, किंवा ३० खाटांचं ५० करणं), आणि इमारत. यातली सगळ्यात दुःखद चूक म्हणजे फक्त इमारत मागणं. इमारत बांधून होते, रंग लागतो आणि पदनिर्मिती झालेली नसल्याने कुलूप लागतं. श्रेणीवर्धन मागताना एकाच कागदावर तीन गोष्टी मागा: बांधकाम, पदनिर्मिती, यंत्रसामग्री. आणि तुमचं ठिकाण आरोग्य संस्थांच्या बृहत आराखड्यात (कुठे कोणती आरोग्य संस्था व्हायची त्याची राज्याची मंजूर यादी) आहे की नाही ते आधी लेखी विचारून घ्या. नसेल तर पहिली मागणी आराखड्यात समावेशाची.

*तपासा:* तुमची मागणी एका वाक्यात सांगता येते का? दोन वाक्यं लागत असतील तर त्या दोन मागण्या आहेत.

४. ग्रामसभेचा ठराव

सह्यांच्या कागदापेक्षा ठरावाचं वजन जास्त, कारण तो वैधानिक संस्थेचा कागद आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा पकडा. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. "ऐनवेळचा विषय" म्हणून घेतलेल्या ठरावाला नंतर फाटे फुटतात. रुग्णालयावर अवलंबून असलेल्या जितक्या ग्रामपंचायतींना जमेल तितक्यांनी एकाच शब्दांत ठराव करावा. दहा गावांचे दहा वेगवेगळे ठराव म्हणजे वाचणाऱ्याला दहा वेगवेगळ्या मागण्या.

असा ठराव नको: "रुग्णालयात सर्व सोयी मिळाव्यात असे सर्वानुमते ठरले."

असा हवा:

> … ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने दि. … ते दि. … या बारा महिन्यांत … गरोदर महिलांना … किलोमीटरवरील जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले (रुग्णालयाची नोंद सोबत). सबब या रुग्णालयासाठी भूलतज्ज्ञाचे पद निर्माण करावे व ते भरले जाईपर्यंत राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी भूलतज्ज्ञ द्यावा, अशी मागणी ही ग्रामसभा सार्वजनिक आरोग्य विभागाकडे करीत आहे. सूचक … अनुमोदक …

कायमचा उपाय आणि तोपर्यंतची सोय अशा दोन्ही गोष्टी यात आहेत. अधिकाऱ्याच्या हातात जे आहे ते त्याला लगेच करता येतं आणि वरचं वर पाठवता येतं.

*तपासा:* ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत हातात आली का? ठराव क्रमांक आणि तारीख आहे का? महिला ग्रामसभेतही हाच विषय घेतलात का? बाळंतपणाचे किलोमीटर बायकाच नेमके सांगतात.

५. एक पानाचं निवेदन

एकच पान. विषयाच्या ओळीत रुग्णालयाचं नाव आणि मागणी. पहिल्या परिच्छेदात तीन आकडे, दुसऱ्यात मागणी, शेवटी सोबतच्या कागदांची यादी. मूळ प्रत ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला, बाकीच्यांना प्रतिलिपी. सगळ्यांनाच मूळ प्रत दिली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आवक शाखेत द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेलं, फोटो निघालेलं, पण आवक क्रमांक नसलेलं निवेदन दिलेलंच नाही असं समजा. मुंबईला जाणार असाल तर लक्षात ठेवा, सार्वजनिक आरोग्य विभागाची कार्यालयं मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत न शोधता गोकुळदास तेजपाल रुग्णालय संकुलात शोधा. लांबून आलेली माणसं मुख्य इमारतीच्या पासच्या रांगेत दिवस घालवतात. कोणत्या कार्यासनाला (विभागात तो विषय हाताळणाऱ्या शाखेला) भेटायचं हे त्या विषयाच्या जुन्या शासन निर्णयाच्या क्रमांकावरून कळतं. क्रमांकाच्या शेवटी "आरोग्य" आणि पुढे आकडा असतो, तेच कार्यासन.

६. जिल्ह्यात फिरवायचा क्रम

आधी रुग्ण कल्याण समिती. बैठकीच्या इतिवृत्तात तुमचा प्रश्न आला की वैद्यकीय अधीक्षकांना तो वर पाठवायला आधार मिळतो. अधीक्षकांना शत्रू समजू नका. तिघांचं काम एकटा करणारा डॉक्टर बहुतेकदा तुमच्याइतकाच वैतागलेला असतो, आणि त्यांचाच प्रस्ताव तुमच्या मागणीला सगळ्यात जास्त बळ देतो. मग जिल्हा शल्यचिकित्सक, मग उपसंचालक. पैशांचा भाग असेल तर जिल्हा नियोजन समिती. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, त्यामुळे जिल्हा वार्षिक योजनेत यंत्रसामग्री किंवा दुरुस्ती बसते का ते तिथे मांडा.

लोकशाही दिनाला, म्हणजे दर महिन्याच्या सरकारी तक्रार-सुनावणीला, ही मागणी नेऊ नका. तिथे वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात आणि आस्थापनाविषयक बाबी घेत नाहीत. सामूहिक निवेदन परत येतं आणि महिना जातो. एखाद्या रुग्णाला उपचार नाकारले गेले असतील तर मात्र त्या कुटुंबाने स्वतःच्या नावाने अर्ज जरूर करावा.

सामूहिक प्रश्नासाठी जनसुनावणी चांगली. महाराष्ट्रात २००७ पासून, आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत, आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. गावाने आपल्या दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनावणीत ते अधिकाऱ्यांसमोर ठेवायचं, ही पद्धत तिथे रुजली. तुमच्या तालुक्यात असा कार्यक्रम नसला तरी पद्धत उचलता येते: पाच-सहा अनुभव, प्रत्येकाला तीन मिनिटं, प्रत्येक अनुभवामागे नोंदवहीतला आकडा, आणि शेवटी अधिकाऱ्यांनी दिलेल्या तारखा लिहून त्यावर त्यांची सही.

*सावधान:* रुग्णालयाला टाळं ठोकू नका. त्या दिवशी आत विंचू चावलेलं पोर येऊ शकतं. शिवाय कर्मचाऱ्यांवर हात उगारला किंवा मोडतोड झाली तर २०१० च्या कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा लागतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मग तुमची मागणी बाजूला पडते आणि कार्यकर्ते कोर्टाच्या तारखांत अडकतात.

७. विधिमंडळ: महिना चुकवू नका

अधिवेशनं साधारण तीन: फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पी आणि जून-जुलैच्या सुमारास पावसाळी, दोन्ही मुंबईत, डिसेंबरात हिवाळी, नागपुरात. अधिवेशन चालू झाल्यावर आमदारांकडे तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. प्रश्न कित्येक आठवडे आधी दाखल करावे लागतात. हिवाळी अधिवेशनासाठी दसऱ्यापर्यंत कागद आमदारांच्या स्वीय सहायकांकडे पोचले पाहिजेत.

तोंडी सांगू नका, प्रश्न लिहूनच द्या, सभागृहाच्या साच्यात:

> (१) … ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने माहे … ते माहे … या कालावधीत … गरोदर महिलांना जिल्हा रुग्णालयात संदर्भित करण्यात आले, हे खरे आहे काय;
> (२) असल्यास, याबाबत दि. … रोजीच्या प्रस्तावावर शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
> (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागातला आकडा काटेकोर हवा. "शेकडो महिलांचे हाल" असं लिहिलंत तर उत्तर येतं "हे खरे नाही", आणि खालच्या दोन्ही भागांना "प्रश्न उद्भवत नाही." एका फुगवलेल्या शब्दाने सगळी मेहनत जाते. नोंदवहीतला आकडा दिलात तर निदान "अंशतः खरे आहे" लिहावंच लागतं आणि पुढच्या भागांना उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न तारांकित म्हणून लागला नाही तरी लेखी उत्तराला किंमत आहे. गंभीर, ताज्या घटनेसाठी लक्षवेधी सूचना, म्हणजे आमदाराने मंत्र्यांचं लक्ष वेधून सभागृहात निवेदन मागणं. तुमचे आमदार उत्साही नसतील तर विधान परिषदेतल्या सदस्यांकडे जा, तिथे तुमच्या भागात रस असलेलं कोणी ना कोणी सापडतं. मंत्र्यांनी सभागृहात "तीन महिन्यांत पद भरू" म्हटलं तर ते आश्वासन होतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत मिळवून ठेवा. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांसाठी विधिमंडळाच्या पंचायती राज समितीचा दौरा हीसुद्धा संधी. दौऱ्याची तारीख कळली की एक पान तयार ठेवा.

आणि पैशांचं गणित. मार्चमध्ये मांडला जाणारा अर्थसंकल्प विभाग शरदातच तयार करू लागतात. नवीन पद, नवीन इमारत मार्चमध्ये मागून त्याच मार्चमध्ये मिळत नाही. म्हणून कॅलेंडर उलटं लावा: जून-जुलैत नोंदी, १५ ऑगस्टला ठराव, सप्टेंबरात जिल्हा आणि उपसंचालक, ऑक्टोबरपर्यंत विभागाकडे प्रस्ताव आणि आमदारांकडे प्रश्न, डिसेंबरात सभागृह.

८. निर्णय झाल्यावर

इथे गावं हार-तुरे आणतात आणि काम सोडतात. शासन निर्णय निघाला म्हणजे डॉक्टर आला असं नाही. निर्णयाची प्रत शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवा, त्यावरचा संकेतांक लिहून ठेवा आणि वाचा: पद "निर्माण" झालंय की फक्त "तत्त्वतः मान्यता" आहे? खर्चाचं लेखाशीर्ष (पैसे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून निघणार) दिलंय का? इमारतीला प्रशासकीय मान्यता आहे की निविदाही निघाली?

सगळ्या कागदांची एक फाइल करा, पहिल्या पानावर तारीखवार यादी, आणि ती एकाच माणसाच्या घरी न ठेवता दोन प्रती दोन गावांत ठेवा. आमच्याकडे एकदा फाइल सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्यासोबत तीन वर्षांचे आवक क्रमांक गेले.

डॉक्टर रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी एका सोमवारी दुपारी ३ वाजता पुन्हा रुग्णालयात जा. हजेरीपट बघा, प्रतिनियुक्तीचा आदेश निघालाय का ते विचारा, आणि संदर्भसेवेच्या वहीतला शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा.